काका बॅप्टिस्टा : हरलेल्या खटल्यांचे बॅरिस्टर

मराठी सार्वजनिक जीवनाची एक जुनी रीत आहे. ज्याला लोकांनी आपला मानले, त्याला घरातले नाव मिळते. नरसिंह चिंतामण केळकर 'तात्यासाहेब' झाले, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे 'दादासाहेब' झाले, यवतमाळचे माधव श्रीहरी अणे 'बापूजी' झाले. याच मालिकेत एक नाव असे आहे की, ते प्रथमच ऐकणारा क्षणभर थबकतो. ते नाव म्हणजे काका बॅप्टिस्टा. आडनाव पोर्तुगीज, धर्म कॅथॉलिक, पेशा बॅरिस्टरीचा आणि संबोधन मात्र थेट वाड्यातल्या ओसरीवरचे! हे संबोधन त्यांना दिले ते टिळकांच्या अनुयायांनी. म्हणजे ज्या वर्तुळात ख्रिस्ती माणसाला सहज शिरकाव नसावा असे आज आपण समजतो, नेमक्या त्याच वर्तुळाने.

आमच्या नंदनवन भागात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठी मुले कधी कधी विचारतात, "स्वातंत्र्याच्या लढ्यात आपल्यापैकी कोणी होते का?" प्रश्नामागे थोडी लाज असते आणि थोडी भीतीही. शाळेतल्या पुस्तकात आपले नाव नाही, म्हणजे आपण तिथे नव्हतोच की काय, अशी ती भीती. अशा वेळी चार-पाच नावांची यादी सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु यादीने कोणाचे समाधान होत नाही. एकच माणूस घ्यावा आणि त्याने काय केले ते नीट पाहावे, हे मला अधिक बरे वाटते. म्हणून हा लेख जोसेफ बॅप्टिस्टा यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत झाला. गोदी आणि गिरण्यांच्या मधोमध राहिलेले हे एक लहानसे ख्रिस्ती गाव. लाकडी जिने आणि उतरत्या कौलांची काही घरे तिथे आजही पाहायला मिळतात. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. उत्तन, वसई, साष्टी हा सारा किनारा १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला आणि तिथल्या कोळी, आगरी, भंडारी, सामवेदी अशा अनेक घरांनी पुढील काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्नानसंस्काराच्या वेळी मिळालेली पोर्तुगीज आडनावे राहिली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, राज्य बदलले, पण आडनावे आणि श्रद्धा दोन्ही टिकून राहिल्या. आणि घरात बोलली जाणारी भाषाही मराठीच राहिली. तिचा हेल वेगळा, तिच्यात पोर्तुगीज शब्दांची पेरणी, परंतु भाषा या मातीचीच. बॅप्टिस्टा या आडनावामागे संत योहान बाप्तिस्ताचे नाव आहे हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

या समाजाला आज आपण 'ईस्ट इंडियन' म्हणतो. हे नाव कसे आले, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय बॅप्टिस्टांच्या वाटेतील अडचण उमगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी सुरू झाल्या, रेल्वे आली, आणि गोव्याहून ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठी मुंबईत मोठ्या संख्येने येऊ लागली. त्यांची आडनावे तीच, धर्म तोच; सरकारी दफ्तरात दोघांचीही नोंद 'पोर्तुगीज' अशीच. पूर्वीपासून कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या मुंबईकर ख्रिस्ती लोकांना आपला हक्क वेगळा दाखवायचा होता. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्या महोत्सवाचे निमित्त साधून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारे हे नाव धारण केले आणि 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'ची स्थापना केली. (आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापनाही याच १८८७ सालची.) म्हणजे समाजाचे नावच मुळी राजनिष्ठेच्या सोहळ्यात ठेवले गेले. यात उपहास करण्यासारखे काही नाही. लहान समाज सरकारच्या छायेत उभा राहतो, कारण ऊन त्याला अधिक लागते. अशा समाजातला तेवीस वर्षांचा एक तरुण पुढे ज्या माणसाचा वकील आणि सोबती होणार होता, त्याला इंग्रज पत्रकार 'भारतीय असंतोषाचा जनक' म्हणणार होता!

बॅप्टिस्टांचे शालेय शिक्षण माझगावच्या सेंट मेरीज शाळेत झाले. मग पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथून सुखाची सरकारी नोकरी आणि पेन्शन असा मार्ग सरळ दिसत होता. तो त्यांनी सोडला आणि ते इंग्लंडला गेले. केंब्रिजला राज्यशास्त्र शिकले, बॅरिस्टर झाले आणि मुंबईला परतले. आयर्लंडच्या होमरूल चळवळीची छाप त्यांच्या मनावर पडली होती. कॅथॉलिक तरुणाला त्या चळवळीची ओढ वाटावी हे स्वाभाविकच होते.

आणि इथे थोडे बाहेर पाहणे उपयोगाचे ठरेल. कायदा शिकलेला कॅथॉलिक माणूस राज्यकर्त्यांच्या धर्माचा नसेल, तर त्याच्या वाट्याला काय येते, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतील मेरीलँड वसाहतीचा चार्ल्स कॅरोल फ्रान्समध्ये जेझुइटांच्या शाळेत शिकला, लंडनमध्ये कायद्याचे अध्ययन करून १७६५ साली घरी परतला. तो वसाहतीतील अतिश्रीमंतांपैकी एक होता. परंतु कॅथॉलिक असल्यामुळे त्याला वकिली करता येत नव्हती, मत देता येत नव्हते, कोणतेही पद घेता येत नव्हते. १७७३ साली त्याने वृत्तपत्रातून 'पहिला नागरिक' या टोपणनावाने गव्हर्नरच्या कारभारावर पत्रे लिहिली. ज्याला नागरिकाचे हक्कच नव्हते, त्याने हे नाव निवडावे हे मोठे बोलके आहे. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा तो एकमेव कॅथॉलिक. दुसरे उदाहरण आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचे. तो १७९८ साली बॅरिस्टर झाला. पण तेव्हाच्या कायद्याप्रमाणे कॅथॉलिक वकिलाला न्यायाधीश होण्याची मुभा नव्हती. १८२८ साली तो पार्लमेंटवर निवडून आला, तरी तिथली शपथ कॅथॉलिकाला घेता येण्यासारखी नसल्याने त्याला आसन मिळाले नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला.

कॅरोल आणि ओकॉनेल आपल्या धर्मबांधवांच्या बेड्या तोडण्यासाठीही लढत होते. बॅप्टिस्टांची स्थिती निराळी होती. ब्रिटिश राज्यात हिंदी कॅथॉलिकाच्या पायात वेगळी बेडी नव्हती; उलट थोडी अधिक सावलीच होती. तेव्हा स्वतःच्या समाजासाठी काही मागायचे म्हणून ते राजकारणात आले, असे म्हणता येत नाही. ते आले ते दुसऱ्याच्या खटल्यात उभे राहण्यासाठी.

तो खटला १९०८ सालचा. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला आणि दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या अग्रलेखांवरून टिळकांना २४ जून रोजी मुंबईत अटक झाली. आरोप राजद्रोहाचा, भारतीय दंडविधानाचे कलम १२४ अ. या कलमाचा अर्थ किती ताणता येतो, हे १८९७ च्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दाखवूनच दिले होते : सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती! २ जुलै रोजी बॅरिस्टर जीना यांनी टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ साली वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून देण्यासाठी उभे राहिले होते. न्यायासनावर बसल्यावर माणसाची दृष्टी बदलते हे खरे. इतकी बदलावी का, याचा निर्णय वाचकांनी करावा.

लगेचच सरकारपक्षाने 'स्पेशल ज्यूरी'ची मागणी केली. या मागणीला विरोध करण्यास उभे राहिले ते बॅप्टिस्टा. मुद्दा दिसायला तांत्रिक होता, पण साऱ्या खटल्याचा प्राण त्यातच होता. स्पेशल ज्यूरीची यादी प्रतिष्ठित आणि धनिक लोकांची असे, आणि तिच्यात युरोपियनांचा भरणा असे. ज्या लेखांवरून माणसाला काळ्या पाण्यावर पाठवायचे की नाही हे ठरणार होते, ते लेख मराठीत होते. ते मूळ भाषेत वाचू न शकणारे लोक त्यांतील हेतूचा निवाडा करणार! मराठी लेखाचा अर्थ मराठी जाणणाऱ्याने ठरवावा, एवढे साधे म्हणणे माथारपाखाडीच्या या कॅथॉलिक बॅरिस्टरला इंग्रजी भाषेत, इंग्रज राज्याच्या उच्च न्यायालयात मांडावे लागले. ते मान्य झाले नाही. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी बसले.

खटला १३ जुलैला सुरू झाला. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला आणि कित्येक दिवस चाललेले, एकूण एकवीस तासांहून अधिक भरलेले भाषण केले. त्यातला बराच भाग भाषांतराच्या चुकांवर खर्च झाला. सरकारी भाषांतरकाराने कोणता मराठी शब्द कसा इंग्रजीत नेला आणि नेताना त्यात विष कसे मिसळले, हे ते एकेक शब्द घेऊन दाखवीत राहिले. ज्यूरीबाबतचा तो फेटाळला गेलेला मुद्दाच जणू पुन्हा उभा राहिला होता. बॅप्टिस्टा त्यांना साहाय्य करणाऱ्या वकिलांत होते. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. विरुद्ध मत देणारे दोघे कोण असावेत, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही.

शिक्षेपूर्वी टिळकांनी जे थोडे शब्द उच्चारले, ते आज मुंबई उच्च न्यायालयाच्या भिंतीवर कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते तो फलक उघडला गेला. ज्यूरीची पद्धतच पुढे आपल्या देशातून गेली. कलम १२४ अ मात्र स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तर वर्षे पुस्तकात राहिले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबविला आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानच बदलले. नव्या संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. पण त्याच्या जवळपासचे एक कलम आहे, आणि कोणत्या लेखाचा अर्थ कोणी लावायचा, हा बॅप्टिस्टांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

दोन वर्षांनी दुसरा खटला आला, आणि माझ्या मते बॅप्टिस्टांच्या धैर्याची खरी कसोटी तिथे लागली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा नाटकगृहात गोळ्या घालून खून झाला. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार. हिंदी माणसांतही त्यांना मानणारे होते. या प्रकरणाच्या अनुषंगाने नाशिक कटाचा खटला उभा राहिला आणि लंडनमध्ये पकडलेले विनायक दामोदर सावरकर त्यात मुख्य आरोपी झाले. १५ सप्टेंबर १९१० पासून मुंबईत खास न्यायमंडळापुढे हा खटला चालला. मुख्य न्यायमूर्ती सर बॅसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन हे न्यायाधीश. ज्यूरी नाही, वरती अपील नाही. सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत बॅप्टिस्टा होते. त्यांच्यासोबत गोविंदराव गाडगीळ, चित्रे आणि रांगणेकर.

टिळकांच्या खटल्यात लेखांचा प्रश्न होता. इथे रक्त सांडलेले होते. राजनिष्ठ समजल्या जाणाऱ्या समाजातील एका बॅरिस्टरने या खटल्यात उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. सरकारी मर्जीवर चालणाऱ्या नोकऱ्या, शाळांची अनुदाने, पाद्रीबाबांपासून सोलिसिटरांपर्यंत सर्वांच्या भुवया! खुनाचे समर्थन ख्रिस्ती माणूस करूच शकत नाही. पण आरोपीचा बचाव करणे म्हणजे कृत्याचे समर्थन करणे नव्हे, हे आपल्या नीतिशास्त्रात सेमिनरीतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही शिकतो. व्यवहारात ते पाळणारे मात्र थोडे. ज्यांना सर्वांनी सोडले आहे त्यांच्या शेजारी कायद्याचा माणूस उभा राहिला नाही, तर न्यायालय आणि चौकातला जमाव यांत अंतर ते काय उरले?

हाही खटला बॅप्टिस्टा हरले. मार्सेल्सच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी मारून फ्रान्सची भूमी गाठली होती. तिथून त्यांना परत आणणे योग्य होते काय, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे होता. त्याचा निवाडा येण्याआधीच, २३ डिसेंबर १९१० रोजी जन्मठेपेची पहिली शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी.

टिळक १९१४ साली मंडालेहून सुटून आले आणि कामाची दिशा बदलली. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावात 'इंडियन होमरूल लीग'ची स्थापना झाली. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. चिटणीस झाले केळकर आणि अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा. ॲनी बेझंट यांची लीग त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झाली. टिळकांच्या लीगचे क्षेत्र महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड असे होते. तिच्या सहा शाखांपैकी एक मध्य प्रांतात आणि दोन वऱ्हाडात होत्या, म्हणजे निम्मी संघटना आपल्याच भागातली! वर्षभरात सभासदसंख्या चौदा हजारांवर गेली. नागपूर, अमरावती, अकोल्याचे जे वकील, शिक्षक, व्यापारी त्या वेळी वर्गणी भरून सभासद झाले, त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष एक कॅथॉलिक होता. विदर्भातील ख्रिस्ती समाजाच्या स्मरणात ही गोष्ट फारशी राहिलेली नाही, याचे मला नवल वाटते. कारण कदाचित असे असेल की, त्या काळी इथली चर्चसंस्था बहुतांशी युरोपीय धर्मगुरूंच्या हाती होती आणि महायुद्धाचे दिवस होते. मुंबईच्या जर्मन जेझुइटांना तर सरकारने याच काळात स्थानबद्ध करून मायदेशी धाडले. अशा वेळी राजकारणाबद्दल बोलणे कोणाला परवडणार!

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची जी घोषणा टिळकांच्या नावाने अमर झाली आहे, तिचे शब्द बॅप्टिस्टांनी सुचविले असे ईस्ट इंडियन समाजात अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान मी समजू शकतो. पण त्यावर फार जोर देऊ नये असे मला वाटते. घोषणा ज्याच्या तोंडून लोकांनी ऐकली आणि ज्याने तिची किंमत तुरुंगात मोजली, तिच्यावर त्याचाच अधिकार. बॅप्टिस्टांचे मोठेपण एका वाक्यावर टांगून ठेवण्याइतके लहान नाही.

१९१७ साली लीगचे प्रतिनिधी म्हणून ते इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी मुख्यतः मजूर पक्षाच्या लोकांशी संबंध जोडले आणि हिंदुस्थानच्या स्वराज्याची बाजू मांडली. हा संबंध केवळ राजकीय सोयीचा नव्हता. कामगारांच्या प्रश्नाकडे त्यांचे मन आधीच वळलेले असणार. माझगाव म्हणजे गोदी, आणि पलीकडे गिरणगाव. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता, वर्षाला एक दिवस असा हिशेब मांडून. गोळीबार झाला, माणसे मेली. कोर्टात ज्यांचा आवाज पोहोचत नव्हता, त्यांनी आपले मत गिरण्या बंद ठेवून नोंदविले. न्यायालयात पराभूत झालेल्या वकिलाच्या दृष्टीने तो फार मोठा धडा असला पाहिजे.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष, तेही वकीलच. बॅप्टिस्टा उपाध्यक्ष. तेव्हा या देशात कामगार संघटनेला कायद्याचे संरक्षण नव्हते. संप घडवून आणला म्हणून मालक संघटनेच्या पुढाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकत असे, आणि मद्रासमध्ये बिनी कंपनीने तसा दावा लावलाही होता. संघटनांना मान्यता देणारा कायदा व्हायला १९२६ साल उजाडले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रातून कामगारांचा संघटित होण्याचा हक्क निसर्गसिद्ध असल्याचे शिकविले होते, हे आपण जाणतोच. शिकवण रोमहून निघाली होती. ती झरियाच्या कोळशाच्या खाणीपर्यंत कोण नेणार, हा प्रश्न होता.

झरियाचे नाव मी उगाच घेत नाही. ट्रेड युनियन काँग्रेसचे दुसरे अधिवेशन १९२१ साली तिथे, खाणींच्या ऐन प्रदेशात भरले आणि त्याचे अध्यक्ष होते बॅप्टिस्टा. खाणमालकांना हे अधिवेशन होऊ नये असे वाटत होते. ते झाले आणि खाणकामगार हजारोंनी आले. पुढे १९२४ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बॅप्टिस्टा गेले.

आता नागपूरकडे येतो. १९१९ च्या अखेरीस टिळकपक्षीयांच्या मनात मुंबईहून एक इंग्रजी दैनिक काढायचे होते आणि त्याचे संपादन करायला पाँडेचेरीला असलेल्या अरविंद घोषांनी परत यावे, असे पत्र बॅप्टिस्टांनी त्यांना लिहिले. ५ जानेवारी १९२० च्या पत्राने अरविंदांनी सौम्यपणे नकार दिला. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. मग आपल्या नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी अरविंदांनाच नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. तिलाही ऑगस्टच्या ३० तारखेला नकार आला. टिळकांची माणसे सेनापती शोधत होती असे या दोन पत्रांवरून दिसते. सेनापती लाभला, पण तो निराळ्या वाटेने आलेला होता.

डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. चौदा हजारांवर प्रतिनिधी जमले होते. त्या कार्यक्रमात शाळा, कायदेमंडळे यांच्याबरोबरच न्यायालयांवर बहिष्कार होता. वकिलांनी वकिली सोडावी अशी हाक होती. चित्तरंजन दास यांच्यासारख्यांनी लाखांची प्राप्ती सोडली. त्या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु बॅप्टिस्टांसारख्या माणसाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. ज्याने एकेका तांत्रिक मुद्द्यासाठी न्यायालयात झुंज दिली, पराभव ठाऊक असूनही आरोपीच्या बाजूला जो उभा राहिला, त्याला न्यायालयच रिकामे सोडा म्हणणे म्हणजे वैद्याला रुग्णालय सोडायला सांगण्यासारखे. उद्या खेड्यातल्या एखाद्या गरिबाला पकडले तर त्याच्यासाठी कोण बोलणार? याला गांधीजींचे उत्तर होते आणि ते भक्कम होते : अन्यायाच्या दरबारात जाऊन आपण त्या दरबारालाच मान देतो. दोन्ही बाजूंना वजन आहे. मला स्वतःला बॅप्टिस्टांची बाजू अधिक जवळची वाटते. कदाचित कबुलीजबाबाच्या खिडकीशी बसून माणसांचे ऐकण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल. बोलायला जागा असणे ही माणसाची फार मोठी गरज असते.

बॅप्टिस्टांच्या पुढच्या दहा वर्षांकडे पाहिले की, त्यांनी कोणती वाट धरली हे दिसतेच. कामगार परिषदा, जिनिव्हा आणि मुंबई महापालिका. १९२५ साली ते महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर झाले. पाणी, गटारे, रस्ते, चाळींतले आजार हे ज्या सभागृहाचे विषय, तिथे त्यांनी बरीच वर्षे घालविली. इतिहासकारांना या कामात रस वाटत नाही. नळाला पाणी येते की नाही यात ज्यांना रस आहे, त्यांना तो वाटावा.

ज्या ट्रेड युनियन काँग्रेसला त्यांनी आरंभापासून हातभार लावला, तिच्यात १९२९ साली फूट पडली, आणि ती पडली तीही नागपुरातच. अधिवेशनाचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कामगार आयोगाशी सहकार्य करायचे की बहिष्कार घालायचा, यावरून ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. १९२० साली याच शहरात उठलेला आत राहावे की बाहेर पडावे, हा वाद नऊ वर्षांनी कामगारांच्या मांडवात पुन्हा उभा राहिला होता.

पुढल्याच वर्षी, मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटलेला असताना, १९३० साली काका बॅप्टिस्टांचे निधन झाले. मुंबईच्या शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरले आहे. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या टेकडीवर महापालिकेने केलेल्या उद्यानाला त्यांचे नाव दिलेले आहे. उद्यानाच्या खाली शहराच्या पाण्याची मोठी टाकी आहे, वरून गोदीतली जहाजे दिसतात, आणि माथारपाखाडी तिथून थोड्याच पावलांवर आहे. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी बांद्र्याच्या माउंट मेरीचे दर्शन घेऊन झाल्यावर एक संध्याकाळ इकडेही काढावी. हार्बरच्या गाडीने डॉकयार्ड रोडला उतरायचे आणि टेकडी चढायची.